पेन्सिलीच्या फुलीवरची सही

भाऊजी, तुमच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. पुढच्या पानांवर तुमचं बारीक अक्षर आहे, निळ्या शाईत मुद्दे आणि लाल शाईत खुणा. तिकडं मी हात लावलेला नाही. चौथी झालेल्या बाईनं किती लिहावं? पण बोलू कुणाशी? तुम्ही गेल्यापासून या घरात मला कुणी प्रश्न विचारत नाही आणि माझा प्रश्न कुणी ऐकत नाही.

सगळ्यात वाईट आहे ते आधी सांगते. तुमच्या दहाव्याच्या दिवशी मी तुमच्या बायकोचं, रेखाचं, आणि तुमच्या लेकीचं घर घालवलं. माझ्या सहीनं. उद्या पंचायतीची मासिक सभा आहे आणि उद्या ते कायम होणार आहे.

तुम्हाला आठवतं का, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दहावीला होता. चार-पाच वर्षं आपण दीर-भावजय 'वाढू का' आणि 'बास' एवढंच बोललो असू. माणसापुढं माझा आवाजच निघत नाही, ते तुम्हाला माहीत होतं. मग तुमची ती सरकारी नोकरीची स्पर्धा परीक्षा सुरू झाली. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते आणि तुम्ही जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलंत.

"वहिनी, वरला प्रश्न वाचायचा. मी उत्तर सांगतो. तुमी खाली बघून बरूबर का चूक, एवढंच म्हणायचं."

"मला न्हाई जमायचं भाऊजी. चौथी झालीय माझी."

"मग? चौथीनंतर अक्षरं बदलली का?"

मी बोट ठेवून वाचायला लागले. जोडाक्षर आलं की बोट अडायचं, तुम्ही थांबायचा. कधी घाई केली नाही. राष्ट्रपतींचा धडा तुम्हाला पक्का होत नव्हता म्हणून तो आपण सगळ्यात जास्त वेळा घेतला असेल. पंतप्रधान कोण नेमतं, राज्यपाल कोण नेमतं, वटहुकूम कधी काढता येतो, लोकसभा कोण बरखास्त करतं, फाशी कोण माफ करतं. शेवटी शेवटी मला पुस्तकाकडं बघावं लागत नव्हतं. शेंगा फोडता फोडताच मी 'चूक' म्हणायचे आणि तुम्ही कपाळाला हात लावायचा.

एकदा तुम्ही धडाधडा म्हणून दाखवलंत, देशाचा सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावानं चालतो. मी विचारलं, "आन् करतं कोण?"

"मंत्रिमंडळ. त्यांनी सल्ला द्यायचा, राष्ट्रपतींनी तसं करायचं."

"म्हंजे माझ्यावानीच की."

तुम्ही इतके हसलात की चहा सांडला शर्टावर. मी सरपंच होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जागा बायांसाठी राखीव निघाली म्हणून तुमच्या दादांनी मला उभं केलं. खुर्चीच्या मागं भिंतीवर माझं नाव आहे, खुर्चीत ते बसतात. ग्रामसेवक रजिस्टर घरी पाठवतो, सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली असते. ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "फुली आसंल तिथंच सही करायची. दुसरीकडं पेन लावायचा न्हाई." मी तसंच करत आले. वर काय लिहिलंय ते बघितलं नाही. बऱ्याचदा वर काही लिहिलेलंच नसायचं.

त्या दिवसापासून तुम्ही मला महामहिम म्हणायला लागलात. "महामहिम, चहा मिळंल का?" "महामहिम, माझा पांढरा शर्ट कुटं हाय?" रेखा हसून लोटपोट व्हायची. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती असतात हे पाठ करताना तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं बी तीन दलं हायेत वहिनी. लाटणं, झाडू आन् जीभ. तिसरं दल तुमी कधी बाहेरच काढत न्हाई."

"गंज चढला आसंल," रेखा म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. बघा, तेव्हासुद्धा.

तिसऱ्यांदा नापास झालात तेव्हा दादांनी पुस्तकं रद्दीत घालायला काढली होती. दुपारी भंगारवाला आला तर अर्धी पुस्तकं सापडली नाहीत. ती मी पिठाच्या कोठीत घातली होती, वर कापड टाकून त्यावर ज्वारीचं पीठ. रात्रीच्या जेवणाला तुम्ही ताटावर बसलात तेव्हा मी भाकरीबरोबर हळूच सांगितलं की कोठीत आहेत. तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "दयेचा अर्ज मंजूर." राष्ट्रपतींचा तेवढा एक अधिकार माझ्याच्यानं वापरला गेला. तोही चोरून.

आपलं भांडण झालं ते नळाच्या कोंडाळ्यावरून. खालच्या आळीतलं कोंडाळं उचलून वरच्या आळीत न्यायचा ठराव झाला आणि त्यावर माझी सही होती. बाया हंडे घेऊन चढ चढून यायला लागल्या तेव्हा मला कळलं. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी पुस्तक आणलंत, प्रश्न वाचायला दिला नाही, स्वतःच बोलायला लागलात.

"राष्ट्रपतींना विधेयक पटलं न्हाई तर ते काय करतात?"

"परत पाठवतात. फेरविचार करा म्हणून."

"कितींदा?"

"एकदा. दुसऱ्यांदा तसंच आलं तर सही करावीच लागते."

"मग महामहिम, तुमी एकदा बी परत कामून पाठवत न्हाई?"

मला राग आला होता. मी म्हणाले, "काय उपेग? एकदा न्हाई म्हणायचं आन् दुसऱ्यांदा मान खाली घालायची. त्यापरीस आधीच घातलेली बरी."

"मधल्या येळात लोकाला कळतंय वहिनी."

"लोकाला कळून काय व्हतंय?"

"सही झाल्यावर कळून तरी काय व्हतंय? एकदा राष्ट्रपतीची सही झाली की त्यांना सुदिक ती मागं घेता येत न्हाई."

तेव्हा मी बोलू नये ते बोलले. "मला शिकवायल्यात, तुमच्या दादाला का सांगत न्हाई तुमी?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. या घरात आपण दोघंही एकाच माणसाला भीत होतो, हे मी तुम्हाला तोंडावर दाखवलं. नंतर तुम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं आत आलात आणि हळूच एवढं सांगितलंत की दिल्लीत नाही ती एक सोय आपल्या पंचायतीत आहे. दर सभेत पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. कुणी वाचत नाही, नुसतं कायम म्हणतात. "तिथं फकस्त 'वाचून दाखवा' म्हणायचं. दोन शब्द. तेवढं तरी करा कवातरी."

मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. तो वाद तसाच राहिला. मला वाटलं, शेंगा दरवर्षीच येतात.

शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही अभ्यासिकेला निघाला होता. गाडीला किक मारत होता आणि मला रात्रभर डोक्यात राहिलेला प्रश्न आठवला. मी दारातून विचारलं, "भाऊजी, राष्ट्रपतींनी सही बी केली न्हाई आन् परत बी पाठवलं न्हाई तर?"

तुम्ही गमछा बांधता बांधता थांबलात. "महामहिम, हे अवघड हाय. संध्याकाळी पुस्तक बघून सांगतो."

झरी गावाच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागं दिवा नव्हता. बाकी मला लिहायचं नाही.

मला आता रजिस्टरचं लिहू द्या.

दहाव्याला घाटावरून माणसं आली होती. आत बाया रडत होत्या. रेखाला दोघींनी धरलं होतं आणि लेक तुमचा मोबाईल घेऊन बसली होती, तो वाजेल म्हणून. मी चुलीपाशी होते. ग्रामसेवक मागच्या दारानं आला. "वहिनी, येळ बरी न्हाई, पण महिना सरायलाय, मासिक सभा दाखवावी लागती. नुसत्या सह्या." मी ओले हात पदराला पुसले आणि फुली होती तिथं सही केली. दोन फुल्या होत्या. वरचं पान कोरं होतं का भरलेलं, मला सांगता येत नाही. मी बघितलंच नाही.

तेरावं झाल्यावर रेखाचे भाऊ मानवतहून आले आणि तिला माहेरी घेऊन गेले. थोड्या दिवसांसाठी. जाताना ती माझ्या गळ्यात पडली नाही, नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, सव्वा महिना झाला की येते. माझ्या खोलीची खिडकी उघडी ठिवा. कोंदट वास लागतोय." तिची पेटी तिथंच आहे. भिंतीवर लेकीनं खडूनं काढलेलं कोंबडं आहे.

चार दिवसांनी दादांनी त्या खोलीत सोयाबीनची पोती लावली. खिडकी पोत्यांमागं गेली. मला वाटलं, तात्पुरती असतील.

मग त्यांचा शर्ट धुताना खिशात कागद सापडला. पंचायतीच्या ठरावाची झेरॉक्स. मी दगडावर बसून ओलं बोट ठेवून वाचलं, जसं तुम्ही शिकवलं तसं, जोडाक्षराला थांबत. मामंजींच्या नावचं घर, वारस म्हणून थोरल्याचं नाव लावण्यात यावं. थोरल्याचं. एकट्याचं. पुढं लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर. खाली सरपंच म्हणून माझी सही. तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट ओढलेली, तुम्हीच जी गिरवून घेतली होती.

भाऊजी, मी ते पाच वेळा वाचलं. मला वाटलं एखादी ओळ सुटली असेल, पुढच्या ओळीत तुमचं नाव असेल, तुमच्या नावापुढं रेखाचं आणि लेकीचं असेल. नव्हतं. तुम्ही त्या घरात कधी जन्मलाच नव्हता असं लिहिलेलं होतं, आणि माझ्या सहीनं.

मी ह्यांना विचारलं. धाडस म्हणून नाही, तोंडातून निघून गेलं. ते ओरडले नाहीत. खाली बसले. म्हणाले, "ती तरणीताठी हाय. उद्या दुसरं लगीन करील. मग घरात कोण येऊन बसंल? माझ्या भावाची जागा दुसऱ्यानं बळकवायची का?" आणि रडायला लागले. तुम्हाला ट्रॉलीखालून ओढून काढताना त्यांचे दोन्ही तळहात सोलले होते, ते अजून पुरते भरलेले नाहीत. मला त्यांचा राग धड करता येत नाही, हेच माझं मरण आहे. रडून झाल्यावर ते म्हणाले, "या मासिकात कायम झालं की नवा उतारा निघतोय. तू मधे पडू नको."

काल रेखाचा फोन आला होता. "अक्का, खिडकी उघडीच हाय ना?"

मी म्हणाले, हाय.

तुमच्या बायकोशी मी खोटं बोलले, तुमच्या दहाव्याला तुमचं नाव पुसलं, आणि आता तुमच्याच वहीत तुम्हालाच सांगते आहे. मला काय करावं ते कळत नाही. दोन शब्द म्हणायचे आहेत. मी सकाळपासून गोठ्यात म्हशीपुढं म्हणून बघितले. म्हशीपुढं निघतात. सभेत सात माणसं असतात आणि हे शेजारी असतात. उद्या माझा आवाज निघाला नाही तर मी रेखाला तोंड कसं दाखवू? आणि निघाला तर ह्या घरात कशी राहू? तुम्ही असता तर म्हणाला असता, राष्ट्रपतीला सुद्धा भीती वाटत असंल वहिनी. म्हणाला असता का? मला आता तुमचं बोलणं मनानंच रचावं लागतं, आणि ते तुमचं आहे का माझ्याच सोयीचं, ते कळत नाही.

संध्याकाळची धार काढायची आहे. थांबते.

*

भाऊजी, सभा झाली.

मी भिंतीपाशी सतरंजीवर मथुराबाईच्या शेजारी बसले. खालच्या आळीतल्या मेंबर, तुम्ही त्यांना झोपाळू मेंबर म्हणायचा. हे खुर्चीत होते. ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं आणि एका दमात म्हणाला, "विषय पहिला, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, कायम, विषय दुसरा..."

मी म्हणाले. कुणालाच ऐकू आलं नाही. पदरातच राहिलं. तो दुसऱ्या विषयावर गेला सुद्धा. मी उठायला बघितलं, मथुराबाईचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता, त्यांना ते कळलं असणार. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "थांब की रं बाबा. सरपंच काय तरी म्हणायलीय."

सगळे माझ्याकडं वळले. हे पण.

"मागचं वाचून दाखवा," मी म्हणाले.

"वहिनी, ते झालंय की. कायम हाय."

"वाचून दाखवा."

त्यानं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं. मग त्यानं वाचलं, भरभर, शब्द गिळत. पण नाव गिळता आलं नाही. मथुराबाईंनी डोळे उघडले.

"थोरल्याचं एकट्याचं? आन् धाकट्याचं? रेखीचं? तिच्या लेकराचं? आरं, राख गार व्हऊ द्यायची की पोराची!"

"आमाला काय म्हणता मावशी," ग्रामसेवक म्हणाला, "सरपंचबाईंचीच सही हाय यावर."

सगळ्यांनी परत माझ्याकडं बघितलं. जमीन दुभंगावी असं म्हणतात, तसं झालं मला. पण दुभंगत नसते ती.

"हाय," मी म्हणाले. "न वाचता केली. आता वाचली. हे परत घ्या."

"कारण लिवावं लागतंय," तो म्हणाला आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. हसला जरा. त्याला वाटलं, इथं अडेल.

मी लिहिलं. वेळ लागला. सगळे बसून राहिले. 'या ठरावात धाकट्या भावाची बायको व मुलगी यांची नावे राहिली आहेत. फेरविचार करावा.' 'फेरविचार' लिहिताना तुमचं पुस्तक डोळ्यांपुढं होतं. खाली फुली नव्हती. सही कुठं करायची ते माझं मला ठरवावं लागलं. जरा तिरकी आली.

ठराव कायम झाला नाही. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं. खालच्या आळीतली एक बाई, जिचं नळाचं कोंडाळं मी घालवलं होतं, तीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोती काढायची आसली तर हाक मारा." तुम्ही म्हणाला होता ना, मधल्या वेळात लोकाला कळतं. वाद तुम्ही जिंकलात. पण तो तुमच्या तोंडावर हरायचा होता मला. चहाचा कप हातात घेऊन तुम्ही डोळे मिचकावले असते, मी पदर तोंडाला लावला असता. असल्या जिंकण्याचं मी काय करू, कुणाला दाखवू?

हे जेवले नाहीत. ताट झाकून ठेवलं आहे. मी त्या खोलीतली पहिली दोन पोती ओढून खिडकीपर्यंत वाट केली, तेव्हा ते दारात आले. भिंतीवरच्या खडूच्या कोंबड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुढल्या मासिकात परत आणणार हाय मी ते. जसंच्या तसं. तवा काय करशील?"

दुसऱ्यांदा आलं की सही करावीच लागते, मीच तर शंभरदा 'बरूबर' म्हटलं होतं त्याला.

ते बाहेर गेल्यावर मी तुमचं पुस्तक काढलं. पिठाचा वास अजून गेलेला नाही त्याचा. राष्ट्रपतींचा धडा काढला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत गेले. शेवटी सापडलं, अगदी बारीक अक्षरात, खालच्या टिपेत. तुम्ही तिथं लाल खूण केलेली नाही, म्हणजे तुम्ही तिथवर पोचला नव्हता. लिहिलंय की विधेयकावर सही करायची किंवा ते परत पाठवायचं, हे राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवावं याची मुदत घटनेत दिलेली नाही.

तो संध्याकाळी सांगतो म्हणालेला प्रश्न होता ना, त्याचं उत्तर हे असावं. सही करायची नाही, परत पाठवायचं नाही. ठेवून द्यायचं. रेखा येईपर्यंत, लेक मोठी होईपर्यंत. पेन उचलायचाच नाही.

पंचायतीला ते लागू होतं का, मला माहीत नाही. किती महिने मला असं बसता येईल, तेही माहीत नाही. खिडकी उघडली आहे. पुस्तक मांडीवर आहे आणि बोट त्या ओळीवर आहे.

आजवर उत्तर तुम्ही द्यायचा आणि बघून मी सांगायचे. आज उत्तर मी दिलंय, भाऊजी. बरोबर का चूक, एवढं तरी सांगा.